रात्रीची गळती

गेल्या मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी पहाटे सव्वापाचला मी आईला गाडीत बसवले, तिच्या पायांवर शाल टाकली आणि किल्ली फिरवली. गाडीतून नुसतीच टक्-टक्-टक् सुरू झाली. समोरचे दिवे किल्ली फिरवली की विझल्यासारखे मंद व्हायचे, सोडली की पुन्हा उजळायचे. इंजिन काही फिरले नाही.

आईचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते, सोमवार-बुधवार-शुक्रवार, पहाटेच्या पाळीत. आम्ही सांगलीत राहतो आणि रुग्णालय मिरजेत आहे. मध्ये आठ-दहा किलोमीटर. दिवसा हे अंतर कुणी अंतरात धरत नाही, पण पहाटे सव्वापाचला रिक्षा शोधायची तर ते बरेच मोठे होते. आम्ही पन्नास मिनिटे उशिरा पोचलो. आईनंतरच्या रुग्णाची वेळ ठरलेली असल्यामुळे तिला चार तासांऐवजी तीनच तास मिळाले. त्यातून शुक्रवार ते सोमवार हा आठवड्यातला सर्वांत मोठा खंड. शरीरात साठणारे पाणी आणि पोटॅशियम या दिवसांत काढायला कुणी नसते. ‘‘आज एक तास कमी झालाय, आता पाणी बेतानं प्यायचं,’’ असे आईने स्वतःच जाहीर केले आणि दोन दिवस चहासुद्धा अर्धा कप घेतला. तरी रविवारी रात्री तिला आडवे झाले की दम लागायला लागला. ती उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपली. मी शेजारच्या खोलीत जागी होते आणि सोमवारी पहाटे गाडी सुरू होईल की नाही, याचा विचार करत होते.

आई आणि बॅटरी यांची तुलना करण्याचा मोह या विषयात पावलोपावली होतो. तो मी टाळणार आहे. आईला ती आवडणार नाही.

मी महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून काम करते. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर फक्त वर्गीकरण क्रमांकापुरता उरला. पण एखादी गोष्ट सापडत नसली की ती कुठे कुठे नाही हे आधी नक्की करायचे, ही सवय या व्यवसायाने लावली. पुढचे सगळे संशोधन त्या सवयीच्या जोरावर झाले. ‘संशोधन’ हा शब्द मी थोडा संकोचूनच वापरते आहे.

रविवारी अर्धा दिवस उघड्या असणाऱ्या एका गॅरेजात गाडी दाखवली. निदानाला दोन मिनिटे लागली. ‘‘बॅटरी गेली.’’ ती चार वर्षांची होती, त्यामुळे मीही वाद घातला नाही. नवी बसवली, जुनी बदलीत दिली. सोमवारी पहाटे गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मंगळवारीही झाली, मात्र सेल्फचा आवाज जरा जड वाटला. बुधवारी पहाटे पुन्हा तीच टक्-टक्-टक्. त्या दिवशी पेपर टाकणारी दोन मुले आणि समोरचे निवृत्त पोस्टमास्तर यांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली. वीस मिनिटे उशीर झाला.

तीन दिवसांची नवी बॅटरी तिसऱ्याच पहाटे कशी उतरते, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी आधी बॅटरी म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे लागले.

गाडीतली बॅटरी ही फार जुनी वस्तू आहे. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारा विजेचा साठा तयार केला. कामिय फोर याने १८८१ साली पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तो व्यवहारात आणला. आजही आपल्या गाडीच्या काळ्या डब्यात मुळात तेच आहे. एकीकडे शिसे, दुसरीकडे शिशाचे डायऑक्साइड, मध्ये पातळ केलेले गंधकाम्ल. सुमारे दोन-सव्वादोन व्होल्टचे असे सहा कप्पे ओळीने जोडले की ‘बारा व्होल्ट’ होतात. प्रत्यक्षात पूर्ण भरलेली आणि काही तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी असते, आणि बाराच्या खाली गेली की तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांच्यातला फरक एका व्होल्टहूनही कमी. ‘बारा व्होल्ट दाखवतोय म्हणजे ठीक आहे’ असे म्हणणारा मेकॅनिक चुकतो तो इथे.

वीज वापरली जाते तेव्हा दोन्ही प्रकारच्या पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज केले की हे सगळे उलटे फिरते. पण रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर त्या सल्फेटचे खडे कठीण होतात आणि मग ते पूर्वपदावर येत नाहीत. म्हणूनच बॅटरी एकदा पूर्ण उतरणे हा नुसता खोळंबा नसतो. प्रत्येक वेळी तिची थोडी कुवत कायमची जाते.

आता हिशेब. माझ्या छोट्या गाडीची बॅटरी ३५ ॲम्पियर-तासांची. या आकड्याचा अर्थ असा, की १.७५ ॲम्पियर प्रवाह ती वीस तास देऊ शकते. हे वाचले तेव्हा मला तो निव्वळ तांत्रिक तपशील वाटला होता. पुढे तोच नेमका कामाला आला. सेल्फ मारताना शंभर-दीडशे किंवा अधिक ॲम्पियर लागतात, पण ते दोन-तीन सेकंदच. एवढ्याने साठ्यातला नगण्य भाग खर्च होतो. उलट एखादा पाच वॉटचा डिकीतला दिवा रात्रभर जळत राहिला तर त्याला ०.४ ॲम्पियर लागतात. बारा तासांत पाच ॲम्पियर-तास. नव्या, भरलेल्या बॅटरीला एवढ्याने काही होत नाही, पण थकलेल्या बॅटरीला होते. म्हणजे एका रात्रीत गाडी बंद पडते तेव्हा दोनच शक्यता उरतात. बॅटरीच थकलेली आहे आणि गळती लहान आहे. किंवा बॅटरी चांगली आहे आणि गळती मोठी, एका ॲम्पियरच्या वरची आहे. माझी बॅटरी नवी होती. गॅरेजवाल्याने चार हजार रुपयांत मला निदान एक शक्यता खोडून दिली होती, असे म्हणायला हरकत नाही.

बुधवारी दुपारी पुन्हा त्याच गॅरेजात गेले. त्यांनी इंजिन सुरू ठेवून बॅटरीवर मीटर लावला. १४.१ व्होल्ट. ‘‘चार्जिंग ओके आहे मॅडम. गाडीत काही फॉल्ट नाही. रात्री निगेटिव्ह काढून ठेवत जा.’’

हा सल्ला म्हणजे दार नीट लागत नाही म्हणून घरच सोडून जाण्यापैकी. पण तो मी पाळला. रोज रात्री आठला दहा नंबरच्या पान्याने ऋण टोकाचा नट सैल करायचा, केबल बाजूला करून फडक्यात गुंडाळायची, पहाटे विजेरी तोंडात धरून पुन्हा बसवायची. शुक्रवारी गाडी सुरू झाली. आम्ही वेळेवर पोचलो आणि आईला पूर्ण चार तास मिळाले. केबल काढली की बॅटरी रात्रभर जशीच्या तशी राहते, हा योगायोगाने झालेला प्रयोग होता, आणि त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता. बॅटरी आतून गळत नव्हती. ती गाडीच पीत होती.

बंद गाडी पूर्ण बंद नसते, हे मला तेव्हा कळले. घड्याळ चालू असते, इंजिनच्या संगणकाला आपली स्मृती जपायची असते, रिमोटची वाट पाहणारे कुलूप जागे असते. या सगळ्यांना मिळून साधारण २० ते ५० मिलिॲम्पियर लागतात. ३० धरले तर दिवसाला पाऊण ॲम्पियर-तासही होत नाही. माझ्या बॅटरीला निम्मे व्हायला तीन आठवड्यांहून अधिक लागतील. हा झाला रीतसर खर्च. त्याच्यावरचे सगळे गळतीत जमा.

ती मोजायची रीत सोपी आहे, पण तिच्यात एक गोम आहे. मल्टिमीटर दहा ॲम्पियरच्या खोबणीत लावायचा, बॅटरीची ऋण केबल काढायची आणि टोक व केबल यांच्यामध्ये मीटर जोडायचा, म्हणजे गाडीत जाणारा सगळा प्रवाह मीटरमधून जातो. या स्थितीत किल्ली चुकूनही फिरवायची नाही. सेल्फचा प्रवाह मीटरचा फ्यूज जाळून टाकतो. मी तेवढे सांभाळले. पण मीटरवर साडेतीन ॲम्पियर दिसले तेव्हा मी आनंदाने दार उघडून आत काय जळते आहे ते बघायला गेले, आणि आकडा आणखी वाढला. कारण दार उघडले की आतला दिवा लागतो आणि गाडीचे संगणक मालक आला असे समजून जागे होतात. केबल काढून पुन्हा जोडली तरीही ते जागे होतात. पुन्हा झोपी जायला त्यांना काही मिनिटे लागतात, नव्या गाड्यांत अर्धा-पाऊण तासही लागतो. झोपलेल्या गाडीचे मोजमाप घ्यायचे तर तिला कळू न देता घ्यावे लागते. तान्ह्या मुलाचा ताप बघण्यासारखेच हे काम.

शनिवारी दुपारी सगळे पुन्हा मांडले. दारे उघडी ठेवली, पण चौकटीतली बटणे चिकटपट्टीने दाबून ठेवली, म्हणजे गाडीच्या लेखी दारे बंद. किल्ली घरात नेऊन ठेवली. ओट्यावर चहा केला, आईला तिचा अर्धा कप दिला, पस्तीस मिनिटांनी जाऊन बघितले. १.६२ ॲम्पियर. आणखी अर्ध्या तासाने १.६०. तो आकडा हलायला तयार नव्हता.

रात्री आठ ते पहाटे सव्वापाच म्हणजे सव्वानऊ तास. १.६ प्रमाणे जवळजवळ १५ ॲम्पियर-तास. ३५ मधून १५ गेले, २० उरले. सोमवारी गाडी सुरू झाली. दिवसभरात कॉलेजला जाणे-येणे आणि मिरजेची फेरी, गर्दीतले हळूहळू चालणे, त्यात आठएक भरून निघत असावेत. २८ झाले. रात्री १५ गेले, १३ उरले. मंगळवारी सेल्फ जड का वाटला ते कळले. दिवसा २१, बुधवारी पहाटे ६. कागदावर ही वजाबाकी मांडल्यावर मला जे समाधान मिळाले ते सांगून खरे वाटणार नाही. गाडी अजून नादुरुस्तच होती, पण ती लहरी नव्हती.

यानंतर प्रवाह कोणत्या फाट्याने जातो ते शोधायचे. एकेक फ्यूज उपसून मीटरकडे बघत राहणे ही सगळीकडे चालणारी पद्धत. दुसरी पद्धत अधिक सभ्य आहे. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांना टेकवायचा. प्रवाह वाहत नसेल तर शून्य, वाहत असेल तर काही दशांश मिलिव्होल्ट. फ्यूज न काढताच, म्हणजे कुणालाही न जागवता, कोणत्या फाट्याला गळती आहे ते कळते. मी स्टिअरिंगखालची पेटी तपासली, बॉनेटखालची तपासली. चाळीसेक फ्यूज. घड्याळाच्या फाट्यावर किंचित हालचाल, संगणकाच्या फाट्यावर किंचित. बाकी सगळीकडे शून्य. विश्वास बसेना म्हणून शेवटी सगळे फ्यूज उपसून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. आकडा १.५७ वर आला आणि तिथेच बसला.

मला वाटले, मीटर बिघडला. आज याचे हसू येते. पुरावा आपल्या कल्पनेत बसत नाही म्हटल्यावर आपण पहिल्यांदा संशय घेतो तो पुराव्यावर.

सोमवारी आईला मिरजेत डायलिसिसला बसवून मी गाडी घेऊन चाचांकडे गेले. रुग्णालयातल्या एका रिक्षावाल्याने पत्ता दिला होता. चाचा साठीच्या पुढचे, वाहनांच्या वायरिंगचे काम करणारे, पत्र्याच्या शेडमध्ये एकटेच. मी वही उघडून सगळे वाचून दाखवले. वजाबाकीसकट. त्यांनी ऐकून घेतले. ‘‘सगळे फ्यूज काढले तरी करंट जातोय?’’ एवढेच विचारले. मी हो म्हटले. ‘‘मग काम सोपं हाय.’’

इंजिन चालू असताना त्यांनी मीटर बॅटरीला लावला, पण एसीवर. म्हणजे जिथे उलटसुलट प्रवाहाचा मागमूस नसायला हवा, तिथे तो किती आहे हे बघायला. अर्ध्या व्होल्टच्या वर आला. चांगल्या गाडीत तो त्याच्या कितीतरी खाली असतो. मग इंजिन बंद केले, किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचे टोक अल्टरनेटरच्या पाठीकडच्या बेअरिंगपाशी नेले. ते हलकेच ओढले जाऊन चिकटले. त्यांनी सोडवले, पुन्हा नेले, पुन्हा चिकटले. ‘‘बंद गाडीत डायनामा लोहचुंबक कसा? करंट घेतोय म्हणून. पहाटे कधी हात लावून बघितला असता तर कोमट लागला असता. इंजिन गार आणि डायनामा कोमट.’’

नंतर ऋण केबल काढून त्यांनी अल्टरनेटरकडून येणारी जाड वायर मोकळी केली, तिचे टोक रबरात गुंडाळले, केबलच्या मध्ये मीटर जोडला. थोड्या वेळाने आकडा दिसला, ०.०३. दीड ॲम्पियरची गळती एका वायरीने थांबली. ही वायर अल्टरनेटरपासून जवळजवळ थेट बॅटरीला जाते. मध्ये असतो तो फक्त एक मोठा, स्क्रूने आवळलेला मुख्य फ्यूज, जो मी पेटीचाच भाग समजून सोडून दिला होता. चाळीस लहान फाटे तपासताना मी मोठा कालवा बघितलाच नव्हता.

‘‘म्हणजे बॅटरी भरणाराच ती रिकामी करतोय?’’ मी म्हणाले. कुंपणानेच शेत खाल्ले, ही म्हण मनात आली होती. चाचांनी त्याहून अचूक उपमा दिली. ‘‘ताई, विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व गळतोय. दिवसा पाणी चढतंय, रात्री पाइपातनं उलटं विहिरीत.’’

मिरज-सांगलीकडे हे कुणालाही उलगडून सांगावे लागत नाही. उसाला पाणी देणाऱ्या प्रत्येकाने फूटव्हॉल्व गळाल्यामुळे पहाटे पाइपात बादलीने पाणी ओतलेले असते. पण ही उपमा किती नेमकी आहे ते मला घरी येऊन वाचल्यावर कळले.

सुरुवातीच्या गाड्या हाताने दांडा फिरवून सुरू करत. इंजिन उलटा झटका देई आणि मनगटे मोडत. चार्ल्स केटरिंगच्या विजेवर चालणाऱ्या सेल्फ-स्टार्टरने ही कटकट संपवली. तो १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला. सेल्फ आला म्हणजे मोठी बॅटरी आली, आणि ती चालता चालता भरणारा डायनामो आला. पण डायनामोची एक खोड होती. इंजिन बंद झाले, किंवा अगदी हळू चालायला लागले, की त्याचा दाब बॅटरीपेक्षा कमी होई आणि बॅटरीतली वीज उलटी डायनामोत वाहू लागे. म्हणून मध्ये ‘कटआउट’ नावाचे एक चुंबकी झाकण असे. डायनामोचा दाब वाढला की ते जोडले जाई, कमी झाला की तुटे. ते चिकटून बसले की रात्रीत बॅटरी साफ. म्हणजे माझी तक्रार मोटारीच्या इतिहासात शंभर वर्षांहून जुनी आहे.

पुढे सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले. १९६० साली क्रायस्लरच्या व्हॅलियंट गाडीत डायनामोच्या जागी अल्टरनेटर सर्रास बसवून मिळू लागला. अल्टरनेटर उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो. सहा डायोडांचा संच तिला एका दिशेला लावतो. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे तोच उलट्या प्रवाहाला अडवण्याचेही काम करतो, आणि कटआउटची गरज संपली. एका वस्तूने दोन कामे केली. पण एका वस्तूकडे दोन कामे असली की ती बिघडताना पहिले काम बरेचसे करत राहते आणि दुसरे गुपचूप सोडून देते. मेकॅनिक लोक अजून अल्टरनेटरला डायनामाच म्हणतात. ते फारसे चुकीचे नाही, कारण त्याचा जुना रोग नव्या यंत्रातही राहिला आहे.

माझ्या बारा वर्षांच्या गाडीतल्या अल्टरनेटरची घडण थोडी जुनी. त्यात सहा मुख्य डायोडांखेरीज तीन बारके डायोड असतात. फिरत्या भागाला चुंबक बनवणाऱ्या वेटोळ्याला ते वीज पुरवतात. मुख्य डायोडांपैकी धन बाजूचा एक फुटला की बॅटरीची वीज त्यातून उलटी आत शिरते, तारांच्या गुंडाळीतून त्या बारक्या डायोडांना, तिथून वेटोळ्याला आणि रेग्युलेटरमधून जमिनीला. म्हणून स्क्रूड्रायव्हर चिकटला. आणि बाकीचे पाच डायोड काम करतच होते, म्हणून गॅरेजात १४.१ व्होल्ट दिसले. यंत्र भरते की नाही एवढेच तिथे बघितले गेले. ते धरून ठेवते की नाही, हे कुणी विचारले नाही. मीही नाही. खरे तर गाडी मला सांगत होती. गेले काही आठवडे पहाटेच्या काळोखात मिरजेच्या रस्त्याला डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा इतका अंधूक लुकलुकायचा की मी ते समोरच्या काचेतले प्रतिबिंब समजत होते. दिवसा तो दिसतच नसे.

सगळ्यांच्या गाडीत अल्टरनेटरच चोर असेल असे मात्र नाही. बहुतेक वेळा तो नसतोच. चाचांच्या अनुभवात पहिला मान बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचा. तिची पिवळी वायर कायमच्या विजेला आणि लाल वायर किल्लीच्या विजेला जोडायची असते. घाई असलेला माणूस दोन्ही एकत्र पिळून टाकतो आणि गाणी बंद असली तरी यंत्र रात्रभर जागे राहते. त्यानंतर ट्रॅकर, डॅशकॅम, चिकटून बसलेला रिले, उंदराने कुरतडलेली वायर. डिकीचा किंवा कप्प्याचा दिवा झाकण लावल्यावर विझतो की नाही, हे बघायला मोबाइलचा कॅमेरा चालू करून आत ठेवून द्यावा, हे मला माझ्या भाच्याने सांगितले. बॅटरीच्या माथ्यावर साचलेल्या ओलसर मळीतूनही थोडा प्रवाह वाहतो. गरम पाण्याने पुसून घेतले की काम होते. पण यांपैकी पहिल्या पाच गोष्टी कोणत्या ना कोणत्या फ्यूजमागे असतात. फ्यूज सगळे निर्दोष ठरले की मगच मोठ्या वायरीकडे बोट जाते.

करायला बसणाऱ्यांसाठी दोन सूचना इथेच देते, कारण मी पहिल्या दिवशी दोन्ही पाळल्या नव्हत्या. केबल काढताना आधी ऋण, बसवताना ऋण शेवटी. नाहीतर पान्याचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला लागले की वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. आणि भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून दुसऱ्या गाडीची वीज घेताना शेवटचा चिमटा उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावा.

चाचांनी अल्टरनेटर उतरवून उघडला. डायोडांची प्लेट म्हणजे चंद्रकोरीसारखा ॲल्युमिनियमचा तुकडा. त्यातला एक डायोड दोन्ही बाजूंनी प्रवाह जाऊ देत होता. प्लेट नवी आणायला शेजारच्या दुकानात माणूस गेला. तोवर कार्बन ब्रश तपासले, ते अजून वर्षभर जातील म्हणाले. मजुरीसकट अकराशे रुपये झाले. बॅटरीला मी चार हजार दिले होते. बदलीत गेलेली जुनी बॅटरी बहुधा आणखी वर्षभर चालली असती.

नवीही तीन दिवसांत दोनदा तळाला गेली होती. ‘‘हिला आज रात्री घरी चार्जरवर ठेवा. सावकाश भरू द्या, गाडीवर विसंबू नका,’’ असे सांगून चाचांनी आपला जुना चार्जर मला उसना दिला. घड्याळात पावणेदहा झाले होते. मी रुग्णालयात पोचले तेव्हा आईची सुई काढून झाली होती आणि ती हातावर कापूस दाबून बाकावर बसली होती.

‘‘सापडलं का?’’ तिने विचारले.

‘‘सापडलं. फूटव्हॉल्व.’’

‘‘गाडीला फूटव्हॉल्व असतो?’’ आईचे बालपण तासगावकडच्या मळ्यात गेलेले. मी तिला वाटेत सगळे सांगितले. तिने ऐकले आणि मग म्हणाली, ‘‘आमचे दादा तर फूटव्हॉल्व पहिल्यांदा बघायचे.’’

बुधवारी पहाटे पाचला मी किल्ली लावण्याआधी बॉनेट उघडून बॅटरीवर मीटर टेकवला. १२.६. मग अल्टरनेटरला हात लावून बघितला. तो इंजिनाइतकाच गार होता.